अवजड वाहनांची मुंबई

पनवेलजवळच्या विचुंब्यात कुणाला मुंबईला जायचं असलं की आधी आनंदा भोपीला विचारायची रीत होती. कुणाला मोठ्या दवाखान्यात जायचं असे, कुणाला मंत्रालयात. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला आनंदा सगळं ऐकून घ्यायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि सांगायचा, "शिवडीपासनं डॉकचा रस्ता धरा. पुढं कुनालाबी इचारा." माणसं समाधानानं घरी जायची, पुढं कुणालाही विचारायची आणि पोचायची. नाव आनंदाचं व्हायचं.

नाव होण्यासारखं होतंही. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर भरलेला ट्रेलर घेऊन मुंबईत शिरायचं, रिकामा करून परत यायचं, यात त्याची उमर गेली होती. पाठीनं दगा दिल्यावर त्यानं स्टिअरिंग सोडलं. तोवर गावातली जमीन बिल्डरकडं गेली होती, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या होत्या, दारात पांढरी गाडी आली होती आणि आनंदाचा आनंदाशेठ झाला होता.

आनंदानं मुंबईत किती फेऱ्या मारल्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं काय पाहिलं, ते मात्र कधी कुणी विचारलं नाही.

ते विचारलं व्याह्यांनी. धाकटी समीक्षा नेऱ्याला दिली होती. तिचे सासरे गणूशेठ डोंगराखालची भातशेती सोडून फारसे कुठं गेलेले नव्हते. पाहुण्याच्या हळदीला मांडवात दहा लोकांच्या देखत ते म्हणाले, "व्याही, तुमी मुंबई पालथी घातलेली. एकदा आमालाबी फिरवा. हिनं समुद्राकाठचा तो मोठा दरवाजा बघितला नाय अजून."

"येत्या रईवारी," आनंदा म्हणाला. मांडवात दुसरं काय म्हणता येतं?

रविवारी सकाळी गाडी निघाली. पुढं आनंदा आणि गणूशेठ, मागं आनंदाची बायको दमयंती आणि विहीण शकू. उलव्यावरून समुद्रावरच्या नव्या पुलाला लागेपर्यंत सगळं झकास होतं. विहीणबाई पाण्याकडं बघत होत्या आणि आनंदा एका हातानं गाडी चालवत होता.

पूल संपला तिथं रस्ता फुटला. एक वाट वर उड्डाणपुलावर चढत होती आणि सगळ्या मोटारी तिकडंच निघाल्या होत्या. आनंदानं पाटी वाचली आणि गाडी खाली घेतली.

"वरनं का नाय?" गणूशेठांनी विचारलं.

"वर अवजड वाहनांना बंदी हाय."

मागनं शकू हळूच म्हणाली, "आपून अवजड हाव?"

दमयंतीनं ओठ आवळले आणि खिडकीबाहेर बघितलं. आनंदाला चूक कळली, पण तोवर गाडी डॉकच्या रस्त्याला लागली होती आणि एकदा धरलेला रस्ता चुकीचा म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "इकडनं जवळ पडतं," तो म्हणाला.

अडचण निराळीच होती. ट्रेलरच्या उंच केबिनमधून त्यानं जी मुंबई पाहिली होती, ती पहिल्या मजल्यावरची. कुठल्या खिडकीत पोपटाचा पिंजरा, कुठल्या गोदामाच्या पत्र्यावर पिंपळ उगवलेला, या त्याच्या खुणा. आता खाली बसून बघावं तर समोर दुसऱ्या गाडीचं ढुंगण. पोपट असलाच तर तो कुठंतरी वर होता.

तरी तो चालवत राहिला. गोदामं मागं पडली, पुन्हा गोदामं आली. एका फाटकापाशी त्याला एकदम ओळख पटली आणि त्यानं गाडी उभी केली.

"ह्यो वजनकाटा," तो अभिमानानं म्हणाला.

गणूशेठ व्याह्याचा मान राखणारा माणूस. ते खाली उतरले, कमरेवर हात ठेवून लोखंडी पाट्याकडं बघत राहिले. "काय मोजतात?"

"गाडी."

"आख्खी?"

"आख्खी."

"मुंबईत काय एकेक असतं," असं म्हणून ते परत गाडीत बसले. शकू उतरलीच नाही.

पुढं एका वळणावर ट्रकच्या चित्रावर लाल आडवी रेघ दिसली आणि आनंदाच्या हातांनी त्याला न विचारता गाडी उलट दिशेला वळवली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तोच वजनकाटा पुन्हा समोर आला. यावेळी गणूशेठांनी काही विचारलं नाही, ही त्यांची माणुसकी.

"कुनाला तरी इचारा," दमयंती म्हणाली.

"डायवर इचारत नसतो."

"गावाला तर तुमी हेच सांगता, इचारा म्हनून."

"ते गावाला."

"मंग मी इचारते. मी कुटं डायवर हाय?" तिनं काच खाली केली. फुटपाथवर एक बाई कोथिंबीर निवडत बसली होती. "ताई, तो समुद्रावरचा मोठा दरवाजा कुटं? आमी पनवेलची, आमाला कायपन ठाव नाय." बाईनं हातातली जुडी खाली ठेवली, उठून आली आणि हात नाचवत सगळं सांगितलं. शिवाय बजावलं, की गाडी कोर्टाच्या अलीकडं लावा, पुढं जागा मिळायची नाही, तिथून टॅक्सी करा.

आनंदा निमूटपणे तसं करत गेला. गाडी लावली, चौघं काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसले. आनंदा पुढं. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत तो मुंबईत कधी बसलाच नव्हता. पाय कुठं ठेवावेत हेच त्याला कळेना. उजवा पाय सारखा ब्रेक शोधत होता. मोठमोठ्या दगडी इमारती, त्यांच्या पुढची झाडं, सावलीत क्रिकेट खेळणारी पोरं बाजूनं सरकत होती. कोथिंबीरवालीपासून इतक्या जवळ हे सगळं होतं आणि त्याच्या आयुष्यभराच्या फेऱ्या या सगळ्याच्या अलीकडंच संपल्या होत्या.

टॅक्सीवाल्यानं आरशातून सगळ्यांकडं बघितलं. "घूमने आए हैं, चाचा? पहली बार?"

मागून शकू आणि गणूशेठ आनंदाच्या मानेकडं बघत असावेत, असं दमयंतीला वाटलं. ती स्वतः तर बघतच होती.

"हां," आनंदा म्हणाला. "पहली बार."

आणि म्हटल्याबरोबर त्याचा उजवा पाय सैल पडला. मग त्यानं लहान पोरासारखं विचारायला सुरुवात केली. ही कशाची इमारत? तो पुतळा कुणाचा? टॅक्सीवाला सांगत होता. निम्मं बहुधा त्याच्या मनाचंच असावं, पण बघायला आलेल्या माणसाला तेवढं चालतं.

दरवाजापाशी शकूनं फोटो काढून घेतले. दमयंतीनं तिला घरून आणलेल्या भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. गणूशेठांनी दरवाजाला हात लावून दगड चांगला असल्याचं सांगितलं आणि कठड्याशी बसल्या बसल्या डुलकी काढली. आनंदा पाण्याकडं बघत राहिला. कुठं माल उतरवायचा नव्हता, कुणाची सही घ्यायची नव्हती.

नेऱ्याला गेल्यावर गणूशेठांनी व्याह्यांची भरपूर तारीफ केली. सगळी दुनिया दरवाजा दाखवते, आमच्या व्याह्यांनी मुंबई आतून दाखवली, असं त्यांनी भर पंचायतीत सांगितलं. यात टोमणा होता की नाही, हे समीक्षालाही ठरवता आलं नाही. आनंदाच्या ओट्यावर मात्र आता नेऱ्याचीही माणसं वाट विचारायला येऊ लागली.

पुढच्या महिन्यात शकूचा फोन आला. तिला आता पुणं बघायचं होतं. "व्याह्यांना इचारा की, त्यांना पुनं ठाव असंल."

दमयंतीनं फोन हातात धरूनच आनंदाकडं बघितलं. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांनाही त्यानं किती कंटेनर पोचवले असतील, याला गणती नव्हती.

"सांग त्यांना," आनंदा म्हणाला, "पुन्याला मी कदी गेलेलो नाय. इचारत इचारत जाव."