आमेन झालं नव्हतं

आबांचे ओठ निळे पडत होते आणि टेबलाभोवतीची माणसं डोळे मिटून बसली होती. जेवणाआधीची प्रार्थना चालू होती. मी स्वयंपाकघरातून कोमट पाणी घेऊन आले ती दारातच थबकले. डोळे उघडे होते दोघांचेच. एक आबांचे, ते बाहेर यायच्या बेतात होते. दुसरे त्यांच्या नातीचे, रूथचे. तिच्या हातात चमचा होता. ती एकदा आबांकडे बघत होती, एकदा बापाकडे. तोंड उघडं होतं, पण त्यातून शब्द येत नव्हता.

मी पाण्याचं भांडं तिथंच टाकलं आणि धावले.

पुढचं सांगण्याआधी माझं काम सांगते. मी चौथी शिकलेली बाई, मूळची धरणगावकडची. जळगावच्या एका दवाखान्यात वॉर्डात आया होते. रिटायर झाल्यावर घरोघरी पेशंट सांभाळायला लागले. अंग पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं आणि घरच्यांची भीती सांभाळायची. शेवटचं काम सगळ्यांत जड. त्याचा पगार कोणी धरत नाही.

धुळ्याच्या या घरात मी आबांसाठी आले होते. आबा जन्मभर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून येशूचं वचन सांगत पायी फिरले. आवाज असा, की त्यांना कधी माईक लागला नाही म्हणे. लकवा आला, उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. एखादा शब्द कसाबसा यायचा, तो अहिराणीत.

लकव्याच्या पेशंटला भरवणं म्हणजे भीतीचं काम. त्याचा घसाही अर्धा झोपलेला असतो. घास पोटाच्या नळीत जायचा तो श्वासाच्या नळीत जातो. आडव्या माणसाला भरवायचं नाही. घास लहान घ्यायचा, चांगल्या बाजूने द्यायचा. गिळल्यावर दुसऱ्या गालात बोट फिरवून बघायचं, कारण तिथं अन्न साठून राहतं आणि पेशंटला ते कळतही नाही. तोंडात घास असताना त्याला बोलायला लावायचं नाही. ठसका लागला तर घाबरू नका. आवाज येतो आहे म्हणजे हवा जाते आहे. आवाज बंद झाला की घाबरायचं.

त्या दिवशी आवाज बंद होता.

आता घरातली माणसं सांगते. आबांचा मुलगा शमुवेलभाऊ. तो आधी शाळेत मास्तर होता. तिथं त्याने काय बघितलं कोण जाणे, पण आपल्या मुली शाळेत घालायच्या नाहीत असं त्याने ठरवलं. वाईट संगत नको, चिडवाचिडवी नको, देवाच्या भयात वाढू द्या, एवढंच तो सांगायचा. त्याची बायको मार्थाताई घरीच शिकवायची. ज्या टेबलावर जेवण, त्याच टेबलावर गणित आणि त्याच टेबलावर बायबल. मोठी रूथ, धाकटी एस्तेर. रूथने ओपन स्कूलमधून दहावी केली, बारावी केली, मार्कही चांगले पाडले. शेजारी आधी हसायचे, मग गप्प बसले.

पोरगी हुशार होती. मार्थाताईने तिला शरीराचं सगळं शिकवलेलं. घशात दोन नळ्या कशा असतात, मधलं झाकण कसं लागतं, हे तिने मला चित्र काढून दाखवलं. मी जन्मभर भरवलं, पण ते झाकण तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझ्याबरोबर राहून ती आबांना भरवायलाही शिकली. हात हलका होता.

पण एकदा मी तिला कोपऱ्यावरच्या मेडिकलवर औषध आणायला पाठवलं. पोरगी येईचना. मी बघायला गेले, तर ही दुकानाच्या पायरीवर उभी. लोक मागून येत होते आणि तिच्या डोक्यावरून हात घालून औषधं घेऊन जात होते.

"अगं, तुझा नंबर कधीचा होता!"

"ते मला विचारतील असं वाटलं, अक्का."

घरात तिला काय हवं ते नेहमी कोणीतरी विचारायचं, आणि विचारल्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती.

बारावीनंतर काय, यावर त्या घरात महिनाभर कुजबुज चालली होती. रूथला नर्सिंगला जायचं होतं. जळगावच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये तिला इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. होस्टेल, नाइट ड्युटी, अनोळखी मुली, पुरुषांचे वॉर्ड. शमुवेलभाऊ ही यादी पुन्हा पुन्हा म्हणायचा. त्याचं म्हणणं, घरी बसून बी.ए. कर, रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकव, पुढे चांगलं स्थळ बघू. मार्थाताई दोन्हीकडे मान हलवायची. मला कोणी विचारलं नव्हतं. मीही बोलत नव्हते. दुसऱ्याच्या घरात आपण पेशंटपुरतं बोलावं.

त्या रविवारी निकाल लावायचा असं ठरलं. चर्चहून आले, वरण-बट्टीचा बेत होता. एरवी आबांचं जेवण सगळ्यांच्या आधी उरकायची माझी पद्धत. शमुवेलभाऊ म्हणाला, "आज आबांनाही टेबलावर घ्या. नातीचा प्रश्न आहे." आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. मी बट्टी वरणात कुस्करून लापशीसारखी केली, तूप घातलं. रूथने पहिला घास दिला, मी कोमट पाणी आणायला आत गेले. तेवढ्यात शमुवेलभाऊने डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे प्रभू, आमच्या रूथला तुझा मार्ग दाखव..."

तोंडात घास असताना बोलायला लावू नये हे मी घरातल्या सगळ्यांना सांगितलं होतं. आबांना कोणी बोलायला लावलंही नाही. पण प्रार्थना सुरू झाली आणि आबा कधी तोंड मिटून बसलेत? जन्मभर दुसऱ्याच्या प्रार्थनेत ते 'होय प्रभू, होय प्रभू' म्हणत आले. त्यांनी तसंच म्हणायला तोंड उघडलं, श्वास आत घेतला आणि घासही आत ओढला गेला.

आणि त्या दिवशी प्रार्थना लांबली होती. प्रश्न मोठा होता ना.

मी आबांना पुढे वाकवलं, छातीखाली एक हात धरला आणि पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधे, तळहाताने मारलं. जोरात. शमुवेलभाऊ डोळे उघडून ओरडला, "अहो, म्हाताऱ्याला मारता काय!" मी त्याच्याकडे बघितलं नाही. पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. मला वाटलं, गेले. वॉर्डात मी ही वेळ पाहिली आहे. मग घासाचा गोळा टेबलावर पडला. आबांनी हवा ओढली, तिचा आवाज दळणाच्या चक्कीसारखा आला. इतका चांगला आवाज मी चर्चमध्येही ऐकला नाही.

डॉक्टर येऊन छाती तपासून गेले. ताप येतो का ते बघा म्हणाले. अन्नाचा कण फुप्फुसात राहिला तर ताप येतो. म्हणजे भीती अजून संपलेली नव्हती.

आबांना झोपवून मी बाहेर आले. टेबलावरचं जेवण तसंच होतं.

"बघितलंत अक्का?" शमुवेलभाऊ म्हणाला. "हिच्या हातात चमचा होता. आणि हिला नर्स व्हायचंय."

धाकटी एस्तेर म्हणाली, "पप्पा, ताईचे डोळे उघडे होते. प्रार्थनेत."

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

शमुवेलभाऊ रूथकडे वळला. "तू पाहत होतीस? मग हाक का नाही मारलीस?"

रूथ टेबलाकडे बघत म्हणाली, "आमेन झालं नव्हतं."

ती बहाणा करत नव्हती. त्या घरात आमेन होईपर्यंत कोणी हलत नसे, शिंकसुद्धा दाबून धरत. माझ्याच हातातून एकदा ताट पडलं होतं, तर उचलायला कोणी वाकलं नाही.

मार्थाताई म्हणाली, "हे आपणच शिकवलंय, शमुवेल." आवाज चढवला नव्हता, पण मी तिला नवऱ्याचं नाव असं घेताना पहिल्यांदा ऐकलं.

"मी जाणार नाही जळगावला," रूथ म्हणाली. "माझ्या हातून कोणीतरी मरेल. मी घरीच बी.ए. करते."

मी शमुवेलभाऊच्या तोंडाकडे बघत होते. त्याला सुटल्यासारखं वाटलं, ते लपलं नाही. लेकीच्या भीतीने त्याची भीती मिटवली होती. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"शमुवेलभाऊ, पेशंटचं आहे म्हणून बोलते. उद्या सकाळची पेज हीच भरवेल."

"अजिबात नाही."

"उद्या नाही भरवली तर ही पुन्हा कधीच भरवणार नाही. पुढे तुम्हाला भरवायची वेळ आली तरी नाही."

"अक्का, ते माझे वडील आहेत. त्यांना काही झालं तर?"

"मी बाजूला उभी आहे. आणि झालं तर होईल. काही होणार नाही असं मला लिहून देता येत नाही."

तो उठून गेला. रूथही उठून गेली. एस्तेरने हळूच बट्टी खाल्ली.

आबांना ताप आला नाही. सकाळी त्यांना खुर्चीत ताठ बसवलं. पेजेची वाटी शमुवेलभाऊनेच उचलली. "मी भरवतो," म्हणाला. चमचा आबांच्या तोंडाजवळ नेला, तर तो इतका हलत होता की पेज हनुवटीवर सांडली. आबांनी ओठ घट्ट मिटले. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला आणि दाराआड उभ्या असलेल्या रूथकडे बघून एकच शब्द काढला.

"आठे."

आठे म्हणजे इथे. इथे ये.

घरच्यांनी याचा पुढे मोठा अर्थ केला, देवानेच आबांच्या तोंडून रूथला बोलावलं अशी चर्चमध्ये सगळ्यांपुढे साक्षही दिली. मला विचाराल तर म्हातारा भुकेला होता, आणि मुलाच्या हाताची त्याला भीती वाटली.

रूथ आली. पेज भरवायला घेतली. अर्धा चमचा, चांगल्या बाजूने. वाट बघितली. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली का ते बघितलं. गालात बोट फिरवलं. मग दुसरा. मी मागे हात बांधून उभी होते. हात बांधले, नाहीतर मीच चमचा हिसकावला असता.

शमुवेलभाऊ भिंतीला टेकून होता. भीतीत माणूस आपली सवय धरतो. त्याने डोळे मिटले आणि मोठ्याने सुरू केलं, "हे प्रभू..."

आबांच्या तोंडात घास होता. त्यांचे ओठ हलले.

"पप्पा, थांबा!"

घर दचकलं. रूथही दचकली. पण चमचा खाली ठेवून तिने आबांची हनुवटी हलकेच खाली धरली होती. "आबा, आधी गिळा. प्रार्थना नंतर." आबांनी गिळलं. एक ठसका आला, आवाजाचा, चांगला ठसका. तो ओसरेपर्यंत ती थांबली. मग बापाकडे वळून म्हणाली, "आता करा."

शमुवेलभाऊने प्रार्थना केली. छोटी केली. डोळे उघडे ठेवून केली, हे मी सांगते, कारण माझेही उघडे होते.

त्या शनिवारी तो स्वतः तिला एस.टी.ने जळगावला इंटरव्ह्यूला घेऊन गेला. तिची निवड झाली, पण प्रवेश पुढच्या महिन्यात होता, म्हणून तिला परत घेऊन आला. होस्टेलची खोली मात्र बघून आला होता. खिडकीला जाळी आहे, हे त्याने तीनदा सांगितलं.

रूथ आता तिथं शिकते आहे. पहिल्या वॉर्ड ड्युटीनंतर तिचा फोन आला. सिस्टर ओरडल्या, पेशंटचे नातेवाईक ओरडले, आणि ती औषधांच्या खिडकीपाशी पुन्हा उभीच राहिली, म्हणाली.

"मग?"

"मग म्हटलं, भाऊ, माझा नंबर आहे."

"बरं केलंस."

"अक्का, मला अजून भीती वाटते. रोज वाटते."

"वाटू दे," मी म्हटलं. "ज्याला भीती वाटते, तो घास लहान घेतो. ज्याला वाटत नाही, त्याच्या हातात मी चमचा देत नाही."