पुस्तक साहेबांचं, चादरी छायाताईंच्या

"सगळा माल नष्ट करावा लागेल," डॉक्टर ब्रांट म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

समोर छायाताई बसल्या होत्या. सोलापूरच्या विणकर बायकांच्या चादरी हॅम्बर्गमध्ये आणून विकायचा त्यांचा छोटा व्यवसाय. चादरीच्या कोपऱ्यात हत्ती विणलेला. एका जर्मन बेडिंग कंपनीचा रजिस्टर्ड ट्रेडमार्कही हत्तीच, तसाच सोंड उचललेला. कंपनीने दावा लावला: चादरी मशीनमध्ये घालून फाडा. हत्ती चुकला हे आम्हाला मान्य होतं. छायाताईंचं म्हणणं एवढंच, की मी हत्तीवर ठिगळ शिवते, पण चादरी वाचवा. त्या फाटल्या असत्या तर बायकांची वर्षभराची मेहनत मातीत गेली असती.

"ठिगळ उसवता येतं. मार्क विणीतच आहे, तो निघत नाही. तेव्हा विषय संपला," ब्रांट म्हणाले.

ब्रांट आमच्या वकिली फर्मचे मालक, छायाताईंची केस आमच्याकडे. मी भारतातली एलएलबी, इथली एलएलएम, हुद्दा रिसर्च असिस्टंट. म्हणजे वाचायचं मी आणि बोलायचं त्यांनी.

ट्रेडमार्कच्या फेडरल कायद्यात असा माल नष्ट करायचं कलम आहे. माल वाचवायचा तर जुन्या मजकुरात दोन अटी होत्या, दोन्ही पुऱ्या व्हायला हव्यात. एक, मार्कचा दोष दुसऱ्या मार्गाने दूर करता यावा. दोन, माल नष्ट करणं चुकीच्या मानाने फारच जास्त असावं. काही वर्षांपूर्वी संसदेने कलम बदललं आणि पहिली अट गेली. ब्रांटनी स्वतः लिहिलेल्या कोमेंटारमध्ये, म्हणजे कायद्यावरच्या भाष्यग्रंथात, म्हटलं होतं: शब्द बदलले, अर्थ तोच, पहिली अट कायम. इथले वकील कोमेंटारला पोथीसारखं मानतात. समोरच्या वकिलाने दाव्याला नेमकं तेच पान जोडलं होतं.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरी बाबांनी घटना समितीतल्या चर्चांचे खंड जपून ठेवले होते. "कलम पाठ करू नकोस, ते का आलं ते वाच," असं ते सांगायचे. जर्मनीत विधेयकाबरोबर त्याची कारणंही छापतात. ती मी काढून वाचली. अट चुकून गळली नव्हती, मुद्दाम काढली होती. न्यायाधीशाने प्रत्येक केस तोलून बघायची होती, आणि कलमातच लिहिलं होतं की तिसऱ्या कुणाचं नुकसानही बघावं. आमच्या केसमध्ये ती तिसरी माणसं म्हणजे विणकर बायका.

छायाताई पुन्हा आल्या तेव्हा मी ते कागद ब्रांटच्या टेबलावर ठेवले.

"आता असिस्टंट मला शिकवणार?"

"मी नाही. तुमची संसद शिकवतेय."

"हे कोर्टातल्या उत्तराला जोडलं तर मी स्वतःच्याच पुस्तकाविरुद्ध उभा राहीन."

"मग राहा," मी म्हणाले. नोकरी गेली तर व्हिसाचं काय, हा विचार वाक्य संपल्यावर आला.

मी छायाताईंना सगळं मराठीत समजावलं.

"काय सांगितलं?" ब्रांटनी विचारलं.

"की तुमचं पुस्तक चुकलंय."

छायाताई उठल्या. "अहो साहेब, पुस्तक तुमचं आहे, पण चादरी माझ्या आहेत. कागद जोडा." मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. ब्रांटनी फाइल उघडली आणि कागद जोडले.

सुनावणीत समोरच्या वकिलाने ते पान मोठ्या तोंडाने वाचलं. न्यायाधीश बाईंनी ब्रांटकडे बघितलं. "डॉक्टर ब्रांट, हे तुमचंच मत ना?"

"होतं," ब्रांट म्हणाले. "कारणं वाचायच्या आधी."

नष्ट करायची मागणी फेटाळली गेली. हत्ती झाकल्याशिवाय विक्री नाही, एवढी बंदी राहिली. छायाताईंनी एकूण एक चादरीला ठिगळ लावलं.

कोमेंटारच्या नव्या आवृत्तीत तो परिच्छेद बदलला. माझं नाव कुठेच नाही. मी ब्रांटना सरळ विचारलं, तर म्हणाले, "असिस्टंटची नावं आम्ही छापत नाही. तशी पद्धत आहे."

"का आहे?" मी विचारलं.

त्याची कारणं मात्र कुठेच छापलेली नव्हती.