परतीचा डबा

परतीचा डबा हातात आला की ते आधी उचलून बघायचे. झाकण उघडत नसत. कडीत दोन बोटं घालून डबा जरासा वर-खाली करायचे आणि म्हणायचे, "हे पोरगं जेवलं न्हाई." मग चष्मा कपाळावर सरकवून पुढचा प्रश्न ठरलेला असे, "विचारलं का कुनी त्याला?"

लातूरच्या बसस्थानकावर सकाळी कधी थांबला असाल तर हे डबे तुम्हीही पाहिले असतील. रेणापूर, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून गाड्या येतात आणि कापडी पिशव्यांतले डबे उतरतात. पिशवीवर दोऱ्याने नाव शिवलेलं असतं. आई पहाटे उठून भाकरी थापते, बाप डबा गाडीत ठेवून देतो आणि डॉक्टर व्हायला शहरात आलेलं लेकरू दुपारी घरचं जेवतं. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने गावी जातो. परतीचा डबा उचलून बघणारे ते म्हणजे आमच्या कोचिंग क्लासच्या वसतिगृहाचे रेक्टर. डबे उतरवून घेणं आणि परत लावून देणं हे शिपायाचं काम, पण ते कधी एकट्या त्याच्यावर सोडत नसत. शिपाई डबे नीट पोचवायचा, पण त्यातला एकही उचलून बघायचा नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

मी त्या क्लासच्या ऑफिसात होते. माहेर नांदेडचं, नोकरी लातुरात. त्यांना सगळे काका म्हणायचे, मीही म्हणायचे. ते मला ताई म्हणत, आणि चिडले की मॅडम. चिडायचे पुष्कळ.

एक दिवस मोठ्या सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, जाहीर केलं की आपल्या माणसांनी एका ऑनलाइन कॉलेजचा कोर्स करायचा. सिस्टीम अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन. एखादं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं आणि त्याची संगणकावर व्यवस्था आखायची, असा हा विषय. एरवी अख्खं सत्र चालतो, इथे सहा आठवड्यांत उरकायचा होता. क्लासला अ‍ॅप हवं होतं आणि घरच्याच माणसांकडून ते करून घ्यायचं होतं. जो नापास होईल त्याची जागा राहणार नाही, हे मोठ्या सरांनी चहा पिता पिता हसत सांगितलं. आम्हीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

पन्नाशीला टेकलेले काका एका बोटाने टाइप करायचे आणि रेकॉर्ड केलेल्या मास्तरांशी भांडायचे. "थांबा की वो सर, कुठं पळायलाव?" मास्तर काही थांबायचे नाहीत. मी व्हिडिओ थांबवून दाखवला तर म्हणाले, "मानूस बोलायलाय, मधीच तोंड कसं बंद करावं त्याचं?" शंका विचारायला एक चौकट होती. तिच्यात काहीही लिहिलं तरी तेच उत्तर येई, की तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. काका पुन्हा टाइप करायचे, "महत्त्वाचा हाय तर सांगा." पुन्हा तेच उत्तर. ऑफिसात हसून हसून आमची पोटं दुखायची, आणि ते मात्र खरोखर वाट बघत बसायचे.

दुसऱ्या धड्याला ते गप्प झाले. त्यात असं सांगितलं होतं की व्यवस्था आखण्याआधी ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना भेटा, विचारा, त्यांच्या शेजारी बसून बघा. काकांनी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावायला लावला. मग चष्मा कपाळावर गेला.

"ताई, हा धडा भूकंपाच्या टायमाला कुठं होता वो?"

त्यांचं गाव औसा तालुक्यातलं, भूकंपात गेलेलं. नंतर नवं गाव वसवलं. आखीव रस्ते, सरळ रांगा. ज्याची जमीन जास्त त्याला घर मोठं, आणि एका मापाची घरं एका रांगेत. जुन्या गावात त्यांच्या भिंतीला भिंत लागून शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान कुटुंबाचं घर होतं. तिथल्या बाईंना काकांची आई आपा म्हणायची. दोघींचं कालवण भिंतीवरून इकडून तिकडे जायचं. आपांच्या घरी जमीन नव्हती, म्हणून त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. काकांची आई भर उन्हात वाटी झाकून तिकडे चालत जायची, गुडघ्यांनी साथ सोडली तोवर.

"घरं दिली, न्हाई म्हनत न्हाई मी," काका म्हणाले. "पन शेजार कुनाचा पाहिजे, विचारलं का कुनी?"

त्या धड्याच्या शेवटी एक ओळ आली. वेळेअभावी या भागाचा सराव वगळला आहे. मला ती ओळ आजही पाठ आहे आणि आजही तिचा संताप येतो. सहा आठवड्यांत बसवताना काहीतरी कापावं लागतंच, हे मला कळतं. पण चौकोन कसे काढायचे, बाणांची टोकं कशी हवीत, हे सगळं ठेवलं आणि माणसांना विचारणं तेवढं कापलं.

काकांनी ते कापलं नाही. शेवटी प्रत्येकाने एक प्रकल्प द्यायचा होता. मी ग्रंथालय घेतलं, कारण पुस्तकं तक्रार करत नाहीत. काकांना मोठ्या सरांनी स्वतःच विषय दिला. चाचणी झाली की मुलाचे गुण त्याच संध्याकाळी बापाच्या मोबाइलवर गेले पाहिजेत, त्याची व्यवस्था. काका वसतिगृहात खोली खोली फिरले, पोरांच्या खाटेवर बसले. चाचणीच्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे परतीचे डबे तर ते आधीपासूनच उचलत होते, आणि ते जड लागायचे. एवढ्यावरून त्यांनी एकच मागणी लिहिली. गुण आधी पोराला सांगा, त्याला जेवू द्या, मग दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घरी कळवा. प्रकल्पाच्या आकृतीत पालक, शिक्षक आणि व्यवस्थापन असे तीन चौकोन अपेक्षित होते. काकांनी चौथा काढला आणि त्यात लिहिलं, लेकरू.

प्रकल्प परत आला. तपासणारा कुठल्या शहरात बसला होता देव जाणे. त्याने शेरा मारला होता की विद्यार्थी हा या सिस्टीमचा वापरकर्ता नाही, चौथा चौकोन अनावश्यक आहे, काढून पुन्हा सादर करा.

"वापरकर्ता न्हाई तर मग कोन हाय?" काकांचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "पोरं म्हंजे काय नुसता डेटा हाय का?"

मी त्यांना सांगितलं की काका, चौकोन पुसा, पास व्हा, मग अ‍ॅप करताना बघून घेऊ. नोकरी जाईल. ते म्हणाले, "आता पुसला तर नंतर कोन काढू देतंय?" मी मोठ्या सरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पालकाला निकाल ताबडतोब हवा असतो. आपण देतोय काय शेवटी? निकालच ना?" दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी फोन कानाला लावला.

काकांनी तोच प्रकल्प, तो चौकोन तसाच ठेवून, पुन्हा पाठवला. नापास. महिनाअखेरीस ट्रंक घेऊन ते वसतिगृहातून बाहेर पडले. जाताना शिपायाला एकच गोष्ट सांगितली, "डबे उचलून बघत जा बाबा." शिपाई हो म्हणाला. आणि अ‍ॅप? ते शेवटी बाहेरच्याच माणसाकडून करून घेतलं. आमच्या कोर्सचं नावसुद्धा पुन्हा कुणी काढलं नाही.

शिरूर अनंतपाळकडची एक मुलगी होती, अकरावीची. एका चाचणीचे गुण संध्याकाळी तिच्या वडिलांच्या मोबाइलवर गेले. ते हॉटेलात चहा पीत होते. मेसेज शेजारच्याकडून वाचून घेतला, तो मोठ्याने वाचला गेला आणि सगळ्यांनी ऐकला. वडिलांनी तिथूनच फोन लावला. आपल्याला किती गुण पडले हे त्या पोरीला बापाच्या शिव्यांतून कळलं. दुसऱ्या दिवशी तिचा डबा भरलेलाच परत गेला. तिसऱ्या दिवशीही. शिपायाने तो गाडीत नीट ठेवला. आईला वाटलं भाजी आवडली नसेल, म्हणून तिने पुढच्या डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या घातल्या. त्याही तशाच आल्या. त्याच दिवशी पोरगी वर्गात बाकावरून खाली कोसळली. दवाखान्यात नेली, वाचली. गावी गेली ती परत आली नाही.

त्यावर बैठक झाली. सिस्टीममध्ये दोष सापडला नाही, मेसेज वेळेवर गेला होता. मग बाहेरच्या शिळ्या अन्नाने मुलांची प्रकृती बिघडते असं ठरलं आणि गावाकडून येणारे डबे बंद करण्यात आले. मेसचं जेवण सक्तीचं. ती सूचना टाइप करायला माझ्यापुढे आली. मी ती टाइप न करता राजीनामा टाइप केला.

काकांना फोन करून सगळं सांगितलं.

"डबा जड लागला असंल की वो ताई," ते म्हणाले. "कुनीच उचलला न्हाई?"

शिपायाने तो गाडीत नीट ठेवला, एवढं मी सांगितलं.

"आन तिच्या आईला विचारलं का कुनी?"

कुणीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्या गावाला जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. नव्या गावातल्या त्या सरळ रांगेतल्या घरातच ते गेले.

परवा संध्याकाळी मी लातूरच्या स्थानकावर नांदेडच्या गाडीची वाट बघत होते. दुसऱ्या कुठल्या वसतिगृहाचे परतीचे डबे कट्ट्यावर रांगेने ठेवले होते. माझ्याही नकळत पहिल्याच्या कडीत दोन बोटं घातली. हलका होता. दुसरा हलका, तिसरा हलका. चौथा उचलवेना. पिशवीवर लाल दोऱ्याने नाव शिवलेलं होतं. नांदेडची गाडी लागली, कंडक्टरने घंटी मारली. मी तिला जाऊ दिलं आणि डबे आणणाऱ्या माणसाला विचारलं, "हे पोरगं कुठं राहतं?"