बहिणीच्या गव्हाणीतली पेंड

आमच्यात लेक सासरी गेली तरी तिला आंदण दिलेली मेंढी माहेरच्या कळपातच राहते. धाकट्या बहिणीची मेंढी अशीच आमच्याकडे, कवठे येमाईला वाढली. मग तिच्या लेकी, नाती. बहीण दौंडला असते. नवरा गेल्यापासून स्टेशनाजवळच्या खानावळीत चपात्या लाटते. माहेरात तिचं म्हणावं असं तेवढंच, डाव्या कानाला चीर असलेली जनावरं.

दोन वर्षांपूर्वी तिची तीन नर कोकरं मी माझ्या कोकरांबरोबर ईदच्या बाजारासाठी गोठ्यात बांधून पोसायला घेतली. ती येऊन बघून गेली. म्हणाली, "दादा, माझी तुझ्यांपेक्षा गुटगुटीत दिसली पायजेत. न्हाईतर वहिनीला सांगीन, हा पेंड सोताच खातो म्हणून."

हसलो आम्ही. तिचं बोलणं वाऱ्यावरचं नव्हतं. कुठलीही नवी पेंड आमचे वडील, आबा, आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचे. चघळायचे, गिळायचे, मगच गव्हाणीत टाकायचे. लहानपणी ते बघून आम्हीही चिमूटभर खायचो.

शेंगदाण्याची पेंड त्या वर्षी महाग होती, आणि सरकीची मिळाली ती बुरशी धरलेली. कारेगावकडे करंजाचं तेल काढणाऱ्या एकाकडे पेंडेची पोती पडून होती. तो म्हणाला, "ही शेतात टाकायची. पण कोण कोण घालतात जनावराला, थोडी थोडी." थोडी म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी आणून चिमूट जिभेवर ठेवली. इतकी कडू की थुंकलो आणि चूळ भरली. आबांच्या रीतीने गोष्ट तिथंच संपायला हवी होती. मी दौंडकडच्या एका गुऱ्हाळातून काकवीचा डबा आणला आणि पेंड त्यात कालवली. कोकरांनी गव्हाण चाटून पुसून ठेवली.

आता लिहायचं ते हे. ती पेंड मी फक्त चीर असलेल्या तिघांना घातली. माझ्यांना शेंगदाण्याची होती तीच, पुरवून पुरवून. आधी तीनच जनावरांवर बघू, असं मनाशी म्हणालो. ती तीन कुणाची, हे मनाला सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तोंड फिरवलं. पापण्या सुजल्या, मग जबड्याखाली सूज उतरली. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पापणी उलटून पाहिली आणि विचारलं, "खाण्यात काही बदल केलाय का?"

बहीण तोवर पहिली गाडी धरून आली होती. सुजलेल्या कोकराचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. माझ्याकडे बघत होती.

"न्हाई," मी म्हणालो.

डॉक्टरांनी ती सूज जंतांची समजून औषध दिलं. काय झालंय हे सांगू शकणारा एकटा मीच होतो, आणि मी त्यांची बॅग उचलून गाडीपर्यंत गेलो. उरलेलं पोतं कांद्याच्या वावरात ओतलं. दोन कोकरं गेली, एक वाचलं. जाताना बहीण म्हणाली, "माझंच नशीब फुटकं, दादा. माझी जित्राबं तुझ्यात नको. तुझ्या कळपाला लागंल काय तरी."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिच्या मेंढ्या तेवढ्या माझ्या कळपातच राहिल्या; ती मात्र त्यानंतर येईना. फोनवर विचारायची, "तुझी बरी हायत ना?" तुझी. दोन वर्षं मी "व्हय" म्हणत राहिलो. गेल्या महिन्यात दौंडला गेलो. ती खानावळीच्या मागं कणीक मळत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, करंजाची पेंड, काकवी, डॉक्टर. तिचे हात थांबले.

"जिभंवर ठिवली व्हतीस?"

"व्हय."

"मग?"

"थुकलो."

"आन् माझ्याच तिघांना?"

मी मान डोलावली. ती परत कणीक मळायला लागली. गोळा झाकून ठेवला आणि म्हणाली, "जा आता. रविवारी येते मेंढ्या न्यायला."

रविवारी ती छोटा टेम्पो घेऊन आली. कानाची चीर बघत आपल्या चारही मेंढ्या एका बाजूला काढल्या. मी दोरी धरून उभा. मग ती गव्हाणीशी गेली, मुठीत पेंड घेतली आणि माझ्यापुढं हात केला.

"खा."

शेंगदाण्याचीच होती. मी तोंडात टाकून चघळली. ती तोंडाकडे बघत उभी राहिली, गिळेपर्यंत. मग टेम्पोवाल्याला म्हणाली, "तुमी जावा, मामा. आज न्हाई न्यायच्या."

मला वाटलं सुटलो. मुठीतली उरलेली पेंड तिनं गव्हाणीत टाकली, हात झटकले आणि म्हणाली, "दर रविवारी येणार हाय मी. आदी तू खायाचं, मग जित्राबांनी."

काल रविवार होता. ती आली होती.