आमच्या हरणाऱ्या टीमचा पहिला सीझन

आमच्या टीमचे किस्से जमवायला काही कष्ट पडत नाहीत. दर शनिवारी एक मॅच हरायची, की किस्सा तयार! नेपरव्हिलजवळच्या या अमेरिकन प्रोफेशनल बास्केटबॉल टीमचा मी हौशी मॅनेजर. खेळ जुना, पण आमची लीग नवीकोरी. मॅचेस शाळेच्या जिममध्ये आणि जर्सी ज्याची त्याने घरी धुवायची.

कॅप्टन रोहन, आमच्या ओळखीच्या देशपांडेकाकांचा मुलगा. चांगला जॉब सोडून खेळायला आलेला. मालकाने मध्येच सांगून टाकलं, "सीझन संपेपर्यंत एक तरी मॅच जिंका, नाहीतर टीम बंद." एक! तीही जमेना.

*

पहिल्या होम मॅचला मी हौसेने नारळ आणला आणि फोडला थेट कोर्टावर! लाकडी फ्लोअरला खड्डा पडला. बॉल तिथे आपटला की भलतीकडेच उडायचा. समोरच्या टीमला हे हाफटाइमच्या आत कळलं. आमची पोरं शेवटपर्यंत तिथेच ड्रिबल करत होती.

*

प्रेक्षक नाहीत म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "सात वाजता या." मंडळी नटूनथटून साडेआठनंतर आली. एका काकूंनी विचारलं, "सुरू कधी होणार?"

"काकू, संपली."

"बरं. मग जेवण कुठे आहे?"

*

आमचा सगळ्यात उंच खेळाडू मार्कस फूड डिलिव्हरीही करायचा. एकदा हाफटाइमला ऑर्डर आली आणि हा गेला! परत आल्यावर कोच भडकला. मार्कस शांतपणे म्हणाला, "कोच, तिथे निदान कोणीतरी माझी वाट बघत होतं."

*

एकदा रोहन गुडघ्यावर आइस पॅक धरून बसला होता. मला म्हणाला, "बाबा लोकांना काय सांगतात, यू नो? 'रोहन सध्या ब्रेकवर आहे.' त्यांनी मला एकदाही खेळताना पाहिलं नाहीये." मला फार वाईट वाटलं. आणखी एक आइस पॅक आणून दिला.

*

शेवटच्या मॅचला बाहेर तुफान स्नो. समोरच्या टीमची व्हॅन वाटेत अडकली. रेफरीने सांगितलं, "साडेसातपर्यंत आले नाहीत, तर मॅच तुमची."

न खेळताच टीम वाचणार होती! बेंचवर पोरांना हसायचीसुद्धा भीती वाटत होती. सगळ्यांचे डोळे घड्याळावर.

साडेसात वाजतच आले होते, तेवढ्यात दार उघडलं. पुढे देशपांडेकाका, आयुष्यात पहिल्यांदा मुलाच्या मॅचला आलेले. मागे समोरची अख्खी टीम!

"रस्त्यात कुडकुडत उभी होती बिचारी," काका म्हणाले. "म्हटलं, आपल्या रोहनकडे आलेले पाहुणे. कोंबलं सगळ्यांना मिनीव्हॅनमध्ये!"

मॅच झाली. आम्ही एका बास्केटने हरलो. काका शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होते.

मग ते कोर्टावर आले आणि त्यांनी रोहनच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवला.

"काय खेळतोस रे! मी उगाच इतके दिवस यायचं टाळलं. पुढच्या वर्षी तुझी एकही मॅच चुकवणार नाही, बघ."

रोहन म्हणाला, "ओके, बाबा."