कानडीतलं पाप

बाळांनो, तुमच्या तिकडच्या डॉक्टरांनी घराण्यातल्या आजारांची माहिती मागितली, म्हणून मी, तुमच्या बाबांची आई, हे आता लिहिते आहे. भाजल्या तिळाचा वास आला की मला बंगळूरला बसवनगुडीच्या घरातली ती संक्रांत आठवते. तुमची ताई तेव्हा तीन वर्षांची होती. मान धरत नव्हती, म्हणून तुमची आई तिला दंडावर टेकवून चमच्याने पेज भरवत होती. शेजारच्या अक्का तीळगूळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाप! कुणाकडून आलं हो हे?" कानडीत पाप म्हणजे बिचारी. मराठीतलं पाप मी लगेच केलं. म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं कुणालाच नाही." तुमच्या आईने ताईची हनुवटी पुसली. "आई, रिपोर्ट सकाळी तुम्हीही वाचलात. इंग्रजी तुमचं माझ्यापेक्षा चांगलं आहे." जनुकातला दोष आई आणि वडील दोघांकडून आला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी अक्कांना कॉफी विचारली. पुढच्या संक्रांतीला ताई नव्हती, आणि माझं ते वाक्य मी आजवर मागे घेतलेलं नाही. रिपोर्ट माझ्या फायलीत आहे. त्यात तुमच्या आईबाबांची नावं एकाखाली एक आहेत.