कारखान्याची फुलं

काकूंच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम हिरवं असायचं. कुणाच्याही अंगणात त्या शिरल्या, की विचारपूस नंतर, आधी ते नख चालायचं. माझ्या साल्व्हियाला पहिला तुरा येऊ घातला तेव्हा मी कौतुकानं त्यांना दाखवायला बोलावलं. त्यांनी तो शेंड्यासकट खुडला आणि माझ्याच तळहातावर ठेवला.



"का गं तोंड पाडलंस? आता दोन फुटतील."

दोन फुटलेही. पण तो धक्का मी विसरले नाही. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, जे बरोबर असतं आणि तरी त्याचा राग येतो. आमच्या नेकनूरला त्या होत्या. महिला दूध संस्थेच्या त्या अध्यक्षा आणि मी सचिव. सभेचे विषय मी क्रमवार लिहून नेत असे आणि त्या तिसऱ्या विषयापासून सुरुवात करत.

त्यांचं निम्मं आयुष्य एका सहकारी साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं होतं. काका तिथं टाइम ऑफिसात होते. कॉलनीच्या फाटकापाशी साल्व्हियाचा लांबलचक वाफा होता. कचेऱ्यांसमोर सरळ उभ्या लाल तुऱ्यांची रांग असते ना, तीच फुलं; पण तिथं लालांच्या मागं एक निळी रांगही होती, काकांनी हौसेनं लावलेली. मग सलग दुष्काळ पडले. ऊस संपला, कारखाना बंद झाला, कॉलनी रिकामी झाली. लोकांनी पलंग आणि कपाटं टेम्पोत चढवली. काकू ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून, ते बोचकं मांडीवर घेऊन एसटीनं गावी आल्या. वर्ष पुरं व्हायच्या आत काका गेले. आमच्याकडं त्या झाडांना साल्व्हिया कुणी म्हणत नाही. कारखान्याची फुलं म्हणतात.

काडी लावायची त्यांची रीत ठरलेली होती. तुरा आलेली काडी घ्यायची नाही. चार बोटं लांब, कोवळी पण लिबलिबीत नव्हे. पेराच्या खाली कापायची, वरची दोन-चार पानं ठेवून बाकीची काढायची. आणि लावायची कुठं, तर रांजणाखालच्या वाळूत. पाझरत्या रांजणामुळं ती वाळू भर उन्हाळ्यातही गार असते, आणि चिखलही होत नाही. मी हे सगळं लिहून घेत होते, तर म्हणाल्या, "लिहून मुळ्या फुटत्यात व्हय? हात घाल वाळूत."

लाल काडी त्या कुणालाही देत. निळी मात्र कुणालाच नाही. शेजारच्या कौसाबाईनं दोनदा मागितली, दोन्ही वेळा नाही म्हणाल्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, दुसऱ्याच्या दारात ती वाळलेली मला बघवायची नाही. कौसाबाईनं ते मनात धरलं.

पुढच्या दुष्काळात गावातली लाल झाडं एकेक करून गेली. टँकरच्या पाण्यातून म्हशींना किती, यावर संस्थेची सभा भरली. वाद तापला आणि कौसाबाई उठून म्हणाली, "अध्यक्षीणबाईच्या फुलाला पाणी हाय, आमच्या म्हशीला न्हाई."

सगळ्या बायका काकूंकडं बघू लागल्या. मला माहीत होतं, त्या आंघोळीचं पाणी घमेल्यात धरून झाडांना घालत. टँकरचा थेंब त्यांनी कधी अंगणात नेला नव्हता. मी सांगायला उठले, तर त्यांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. स्वतः उठल्या आणि घराकडं चालू लागल्या. काय होतंय ते न कळून आम्ही सगळ्या मागोमाग गेलो.

त्यांनी पडवीतला विळा घेतला आणि सगळी झाडं कापली. लाल आधी, मग निळी. मग वाकून खुंट मुळासकट उपटले. ज्या बाईच्या देखत पान तोडायची आमची छाती नव्हती, ती कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उपटाव्यात तशी ओढत होती. कौसाबाईच शेवटी पुढं झाली आणि त्यांचा हात धरला. तोवर उरलं काहीच नव्हतं.

"चला," काकू विळा ठेवत म्हणाल्या, "म्हशीचं काय ठरवायचं?"

त्या दिवशी पाण्याची वाटणी ठरली, आणि आवाज न चढता ठरली. नंतर मी चिडून विचारलं, आंघोळीचं पाणी होतं एवढं तरी सांगायचं. म्हणाल्या, "मग फुलावर सभा झाली असती. म्हशी उभ्याच राहिल्या असत्या."

कापलेला ढीग कौसाबाईनं उचलून नेला, शेळ्यांसाठी म्हणून. साल्व्हियाला शेळी तोंडसुद्धा लावत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझं डोकं चालत नव्हतं.

काकू त्यानंतर अंगणात बसत नसत. उपटल्या जागेकडं पाठ करून पडवीत बसत. नखाचा हिरवा रंग गेला. पाऊस पडला, जमीन भिजली. मी म्हटलं लाल काडी कुठून तरी आणू, तर नको म्हणाल्या. आणि आषाढात एका सकाळी, दूध घालून परत येताना, रिकामी किटली हातात असतानाच त्या रस्त्यावर बसल्या आणि गेल्या. आदल्या दिवशी सभेच्या विषयांवरून माझ्याशी भांडल्या होत्या. मला कितीतरी दिवस ते खरंच वाटेना.

तेराव्याला पंगत उठल्यावर कौसाबाई आली. हातात पत्र्याचा जुना डबा होता. डब्यात निळा साल्व्हिया होता, जिवंत.

ती खाली बघून बोलत होती. ढिगातल्या काड्या तिनं रांजणाखाली लावल्या होत्या. एकच जगली. काकूंना द्यायची होती, पण कोणत्या तोंडानं द्यायची, म्हणून राहून गेलं.

मी डबा हातात घेऊन पाहिला. झाड सरळ वाढलं नव्हतं. वितीएवढ्या उंचीवर शेंडा खुडलेला होता आणि त्याखालून दोन फांद्या निघाल्या होत्या.

"शेंडा तू मोडलास?"

"मी न्हाई," कौसाबाई म्हणाली. "पाऊस पडायच्या आधी त्या आल्या व्हत्या, पाणी द्या म्हणून. रांजणापाशी वाकल्या. लई येळ वाकूनच व्हत्या. मग पाणी पिल्या आन गेल्या. बोलल्या काईच न्हाईत."

डबा मी त्यांच्या अंगणात, उपटल्या जागेपाशी ठेवला. दोन्ही फांद्यांना तुरे येऊ घातले होते. ते खुडायला हवे होते, मला माहीत होतं. आम्ही दोघी एकमेकींच्या हातांकडं बघत उभ्या राहिलो.